गरीब पाण्याची फेरमोजणी

सौदी म्हटलं की आमच्या कराडकडच्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात, तेल आणि वाळू. गेल्या महिन्यात गावी आलो तेव्हा जो भेटेल तो विचारी, "काय मग, उंटावर बसलास का नाही?" उंटाचं सोडा हो! मी तिथे आठ आठवडे पायवाटा मोजत होतो. गुलाबी डोंगरात, थंडीने दात वाजत असताना, चौपन्न वर्षांचे गुडघे घेऊन. आणि आयुष्यात इतकी मजा मला कधी आली नव्हती. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात आणि विषय बदलतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं एकदाचं.

आधी मी तिथे कसा, ते सांगतो. माझी बायको मेधा हाइलच्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे. हाइल म्हणजे उत्तरेकडचं, गव्हाच्या शेतीचं शहर. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. म्हणजे तुमच्या बांधावर येऊन "हद्द इथे" म्हणून खूण करणारा आणि दोन्हीकडच्या शिव्या खाणारा माणूस. तीस वर्षं हे केल्यावर मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मेधाच्या मागोमाग गेलो. तिथल्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, मी बायकोवर अवलंबून असलेला इसम! वर्षभर भाजी आणली, मुलीला शाळेत सोडलं, आणि उरलेला वेळ भिंतीकडे बघत काढला.

मग एक दिवस मेधानेच फोनवर एक जाहिरात दाखवली. निसर्गसंवर्धनाच्या एका पथकाला अजा डोंगरातल्या जुन्या पायवाटांची माहिती गोळा करायला स्वयंसेवक हवे होते. मोजणीचा अनुभव असल्यास उत्तम. मी ती ओळ चारदा वाचली. नववीतली आमची इरा म्हणाली, "बाबा, सीरियसली? यू विल जस्ट वॉक अँड काउंट स्टोन्स?" मेधा म्हणाली, "जाऊ दे गं त्यांना. घरातल्या फरश्या मोजून झाल्यात त्यांच्या."

अजाच्या पायथ्याशी

हाइलच्या पश्चिमेला अजा डोंगर उभा आहे. आपला सह्याद्री काळा, अंगावर गवत घेऊन बसलेला. हा उघडाबोडका, ग्रॅनाइटचा, आणि सूर्य उगवताना चक्क गुलाबी होतो. पहिल्या सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढलं आणि मी "अरे बापरे" असं इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्या तंबूतून आवाज आला, "काय झालां ओ? विंचू की काय?"

मराठी! तेही कोकणातलं! हे सलीमभाई, दापोलीकडचे, बावीस वर्षं सौदीत. पथकाची गाडी चालवणं आणि स्वयंपाक करणं ही दोन्ही कामं त्यांच्याकडे. त्यांना अरबी येई पाण्यासारखी आणि मराठी येई आईकडून आलेली, तशीच्या तशी. सामानात आमसुलं आणि सुके सोडे. पहिल्याच दुपारी त्यांनी सोड्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली. माझे डोळे भरून आले, खरंच सांगतो. आमच्या वाटाड्याने मात्र तो वास घेतला आणि गुत्र्याचं टोक, म्हणजे डोक्यावरच्या रुमालाचं टोक, नाकाला लावून तो जो तंबूबाहेर गेला तो संध्याकाळच्या नमाजापर्यंत परत आला नाही.

तो वाटाड्या म्हणजे अबू माजिद. साठी ओलांडलेला, काटक, दाढी मेंदीने लालसर. डोंगराखालच्या वस्तीत त्याचा जन्म, आणि लहानपण शेळ्यांमागे त्याच डोंगरात गेलेलं. पुढे त्याने गव्हाच्या शेतावर पाकिस्तानी मजुरांबरोबर कामं केली होती, त्यामुळे मधूनच "सीदा", "पानी", "चलो", "अच्छा" असे शब्द पेरी. तो मला "या मुहंदिस" म्हणे, म्हणजे इंजिनिअरसाहेब. मी इंजिनिअर नाही हे सांगायला हवं होतं. पण ऐकायला इतकं छान वाटे की राहून गेलं.

पथकाची प्रमुख रीम नावाची हाइलचीच मुलगी, वनस्पतिशास्त्र शिकलेली, तिशीच्या आतली. आवाज चढवत नसे, पण काम काटेकोर. ती इंग्रजीत म्हणाली, "तुमच्याकडे वाटा कशा मोजतात?" मी म्हटलं, "आमच्याकडे वाटेवरून आधी भांडतात, मग मोजतात." ती पोट धरून हसली. मग मी तिला आमचा 'वहिवाट' हा शब्द समजावला. कागदावर नसली तरी लोक पिढ्यान् पिढ्या जिथून जातात ती वाट त्यांची. तिने तो शब्द अरबी अक्षरांत वहीत लिहून घेतला. मी खूश!

काम असं होतं. हातात टॅबलेट, कमरेला जीपीएस. दर शंभर पावलांना थांबायचं. वाट किती रुंद, चढ किती, माती वाहून गेलीय का, तल्हची झाडं (आपल्या बाभळीची चुलत भावंडं) किती, सावली आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. पाण्यासाठी तीनच चौकोन: गुड, फेअर, पुअर. बोट लावलं की झालं. आमच्या खात्यात मोजणीच्या साखळ्या ओढून माझे खांदे गेले, आणि इथे बोटाचं काम! मी पहिल्या आठवड्यात उड्या मारत होतो. धुतलेले मोजे सकाळी गोठून लाकडासारखे झाले तरी हसत होतो.

अबू माजिदची वाट

दुसऱ्या आठवड्यात अबू माजिदने आम्हाला घरी बोलावलं. गालिच्यावर बसून जरीश खाल्लं. गव्हाचा भरडा ताकात शिजवून वर तळलेला कांदा. आपली लापशी गोड व्हायचं विसरली तर अशी लागेल. मी तीनदा घेतलं. मग वेलदोड्याची पिवळसर कॉफी, बोटभर पेल्यात. पेला रिकामा झाला की घरधनी पुन्हा भरतो. नको असेल तर पेला हलवायचा असतो, हे मला कोण सांगणार? मी आपला सभ्यपणे पीत राहिलो. नवव्या पेल्याला सलीमभाई कुजबुजले, "साहेब, हलवा तो, नायतर मराल."

तिथेच मला खरी गोष्ट कळली. अबू माजिद बराच वेळ बोलला आणि सलीमभाईंनी मराठीत सांगितलं. वरच्या घळीत जायला दोन वाटा आहेत. पूर्वेची नवी, गाडीतळाजवळची, सरळ, पण कोरडी. आणि दुसरी पश्चिमेची, जुनी, ज्या वाटेने अबू माजिदची आई शेळ्या नेई आणि उन्हाळ्यात पाणी आणी. डोंगरबकरे परत यावेत, झुडपं वाढावीत म्हणून एकच वाट उघडी ठेवायची आणि दुसरी दगड लावून बंद करायची असं ठरलंय. कोणती, ते आमच्या माहितीवरून ठरणार.

"तो म्हणतो," सलीमभाई म्हणाले, "माझे भाऊ गेले. पोरं रियाधला. ती वाट माहीत असलेला मी शेवटचा. बंद झाली तर आईच्या पायाखालची वाट माझ्याबरोबर जाईल. पण तो असंही म्हणतो, खोटं काही लिहू नका. जे आहे तेवढंच लिहा."

मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. आमच्याकडे मोजणीच्या आदल्या दिवशी लोक कोंबडी घेऊन घरी येतात. हा म्हणतो, जे आहे तेवढंच लिहा.

पश्चिमेची वाट मोजायचा दिवस उजाडला तो मात्र वाईट. सलीमभाई गॅसची टाकी आणायला हाइलला गेलेले. वारा असा की टॅबलेट दोन्ही हातांनी धरावा लागे. अडीच तास चढल्यावर माझा उजवा गुडघा बोलायला लागला. आम्ही एका मोठ्या सपाट दगडाशी पोचलो. अबू माजिद थांबला, उजवीकडच्या शिळांच्या ढिगाकडे हनुवटी उडवली आणि म्हणाला, "अल-मा गरीब." मग पाची बोटं जुळवून वर केली. "शुवय्या. तआल, तआल."

'मा' म्हणजे पाणी, 'शुवय्या' म्हणजे थोडं, 'तआल' म्हणजे ये, हे मला येत होतं. 'गरीब' तर आपलाच शब्द, आणि हा बाबा हिंदी शब्द पेरतोच. म्हणजे पाणी अगदीच बिचारं, जेमतेम. बोटंही तेच सांगत होती. चुळकाभर पाणी बघायला शिळांवरून चढायचं कशाला? मी गुडघा दाखवला, हात जोडले आणि दगडावर टेकलो.  मी टॅबलेट काढला, पाण्यासमोर 'पुअर'ला बोट लावलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं: स्थानिक वाटाड्याच्या सांगण्यानुसार.

लिहून झाल्यावर छान वाटलं. स्थानिकाचं म्हणणं नोंदवलं म्हणून!

नकाशा लागला

शेवटच्या आठवड्यात रीमने मोठ्या तंबूत पडद्यावर कच्चा नकाशा लावला. उघड्या राहणाऱ्या वाटा हिरव्या, बंद होणाऱ्या लाल. दुसऱ्या दिवशी दुपारच्या अजानच्या वेळी माहिती बंद होऊन वर पाठवली जाणार होती. सगळे आपापली वाट बोटाने शोधत होते, फोटो काढत होते, नुसता गोंगाट. अबू माजिद मागे उभा होता. पश्चिमेची वाट लाल होती.

तो जवळ आला, नीट बघितलं, मग रीमला हळू आवाजात एक प्रश्न विचारला. तिने टॅबलेट उघडला आणि त्याला वाचून दाखवलं. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, याला छातीत दुखतंय. त्याने पुन्हा काहीतरी विचारलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून. आणि तो तंबूबाहेर गेला.

"काय म्हणाला?" मी सलीमभाईंना विचारलं.

"रीमबाईंनी सांगितलां, त्या वाटेवर पाणी नाय म्हणून ती बंद. पाणी वाईट आहे असां वाटाड्यानेच सांगितलांय, अशी नोंद आहे. तर तो म्हणतो, मी? मी सांगितलां?"

"सांगितलंच की! माझ्यासमोर. पाणी गरीब आहे म्हणाला."

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग कपाळावर हात मारला, असा की फटका ऐकू आला. "ओ साहेब! काय केलात ओ ह्यां! गरीब म्हंजे जवळ! इथले लोक जवळला गरीब म्हणतात! पाणी जवळ आहे, थोडासाच पुढे, या, असां म्हणत होता तो!"

मला घामच फुटला. इतक्या थंडीत. सलीमभाईंना आधी हसू आलं, मग माझं तोंड बघून त्यांनी ते गिळलं. मी धावतच रीमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती मग अगदी समजुतीने म्हणाली, "वारा होता ना त्या दिवशी? बोट चुकून दुसऱ्या चौकोनावर पडलं असेल. मी यंत्राची चूक म्हणून दुरुस्ती टाकू शकते."

काय सांगू, मोह झाला. आमच्या खात्यात मोजणीवर हरकत आली की वरचा अधिकारी येऊन तीच जमीन पुन्हा मोजतो. त्याला निमताना मोजणी म्हणतात. तीस वर्षांत निमतान्यात माझी एकही मोजणी फिरली नव्हती, आणि हे मी दिसेल त्याला सांगत आलोय. रीमलाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. यंत्राच्या माथी मारलं असतं तर कोणाला कळणार होतं?

पण प्रश्न एका शब्दाचा नव्हताच. तो मला "या, या" म्हणत होता, आणि मी दगडावर बसून लिहिलं. ज्या कामासाठी मी हाताखालच्या पोरांना फाडून खायचो, ते मी केलं होतं. जागेवर न जाता मोजणी! आणि त्याच्याच तोंडी घालून त्याचीच वाट बंद केली होती. माझी मलाच लाज वाटली.

"नाही," मी म्हटलं. "यंत्राची चूक नाही. मी पाणी बघितलंच नाही. लिहा तसं. आणि उद्या पुन्हा मोजू द्या मला."

रीम म्हणाली, "दुपारच्या अजानपर्यंत परत आलात तर घेईन. नंतर आलात तर माझ्या हातात काही नाही."

निमताना

अबू माजिदकडे सलीमभाईंना घेऊन गेलो. तो चुलीपाशी बसला होता. मी भाषण पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो आणि नुसतं म्हटलं, "चूक माझी." सलीमभाईंनी गरीबची गोष्ट सांगितली. अबू माजिदने ती दोनदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा ऐकताना त्याच्या दाढीत हसू हललं. "तुमच्यात गरीब म्हणजे फकीर?" त्याने विचारलं. "मग मी तुला म्हणालो, पाणी फकीर आहे? आणि तू ते खरं मानलंस?" मग हसू मावळलं आणि तो म्हणाला, "मी हात धरून न्यायला हवं होतं तुला. पाहुणा दमलाय म्हणून सोडलं."

पहाटेचा नमाज आटोपून, उजाडता उजाडता आम्ही दोघंच निघालो. सलीमभाई गाडी घेऊन पायथ्याशी थांबले. वारा पडला होता. गुडघ्याला पट्टा बांधला होता आणि त्याला आईची शपथ घातली होती. अबू माजिद पुढे, मी मागे. काय सुंदर सकाळ होती! शिळा हळूहळू तांबूस होत होत्या, कुठेतरी चकोर ओरडत होते. तरी एक शंका रात्रभर कुरतडत होती. पाणी जवळ असेल. पण असेल ना? यंदा पाऊस कमी झाला होता. डबकं आटलं असेल तर? मग खरोखरच 'पुअर' लिहावं लागेल, आणि या वेळी ते खरं असेल.

सपाट दगडाशी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. अबू माजिद थांबला नाही. शिळांच्या ढिगात शिरला. मी मागोमाग, दोन्ही हातांनी धरत, एकदा घसरून ढोपर सोलून घेत. पावलं मोजत होतो. सत्तेचाळीस. सत्तेचाळिसाव्या पावलाला तो बाजूला झाला.

कातळात टाकं होतं. आपल्या गडांवर असतं तसंच, पण कोणी खोदलेलं नाही. दोन शिळांच्या सावलीत, हिरवंगार, स्वच्छ, तळाचे खडे मोजता येतील असं. कडेला तल्हचं एक झाड आणि मऊ मातीत बकऱ्यांच्या खुरांचे ताजे ठसे. मी पाठीवर बांधलेली काठी आत सोडली. ती माझ्या छातीइतकी बुडाली तरी तळ लागला नाही. आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण घळीतून तीनदा परत आलं. अबू माजिद गुडघ्यावर बसला, ओंजळ भरून प्यायला, आणि ओली ओंजळ दाढीवरून फिरवली. मग माझ्यासाठी ओंजळ धरली. मी प्यायलो. दात दुखतील इतकं गार.

खोली, अंतर, फोटो, ठसे. 'गुड'ला बोट लावलं. शेरा: मापकाने स्वतः पाहिले.

परत निघताना मी सवयीने त्याच्या मागे उभा राहिलो. तो हलेना. "इम्श गिद्दाम," तो म्हणाला. पुढे चाल. मी जीपीएस काढला. त्याने माझ्या हातावर हात ठेवून तो खाली केला. मानेनेच नाही म्हणाला.

अहो, अजान गाठायचीय, आणि याला परीक्षा घ्यायचीय! पण त्याच्या डोळ्यांत खोडी नव्हती. मी निघालो. पहिला अर्धा तास सोपा गेला. पुढे एका सुक्या ओढ्यात वाट फुटली. मी डावीकडे वळलो, आत्मविश्वासाने, तरातरा. वीसेक पावलांवर लक्षात आलं की मागे पावलं वाजत नाहीत. वळून बघितलं. तो फाट्यावर तसाच उभा, हात मागे, आभाळाकडे बघत. हाक नाही, खूण नाही. मी परत आलो. खाली वाकून दगड बघितले. उजवीकडच्या दगडांच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या, उंबऱ्यासारख्या. किती वर्षांच्या पायांनी, देव जाणे. मी उजवीकडे गेलो. मागून पावलं वाजायला लागली.

तिथून पुढे मी चुकलो नाही. दगड बघत, झाडं ओळखत, मध्येच स्वतःशी पुटपुटत, मी त्याला खाली घेऊन आलो. सलीमभाईंनी गाडी अशी हाकली की माझं डोकं दोनदा छताला लागलं. तंबूत शिरलो तेव्हा अजानला दहा मिनिटं होती.

रीमने फोटो बघितले, खोली बघितली, नोंद बदलली. पडद्यावरची लाल रेघ हिरवी झाली, आणि पूर्वेची हिरवी होती ती लाल. सलीमभाईंनी मला मिठी मारली आणि उचललंसुद्धा. अबू माजिद नुसता पडद्याकडे बघत होता. त्याने पुढे होऊन ती हिरवी रेघ बोटाने एकदा चाचपली.

"एक रकाना राहिलाय," रीम म्हणाली. "उघड्या ठेवलेल्या वाटेला विचारतात. ही वाट कोणाला माहीत आहे? स्थानिक जाणकार. तुमचं नाव टाकते, अम." अम म्हणजे काका.

"इथनेन," अबू माजिद म्हणाला. दोन.

रीमने वर बघितलं. "दुसरं कोण? तुमचा मुलगा?"

त्याने माझ्याकडे हनुवटी उडवली. रीम गोंधळली. म्हणाली, हा रकाना इथल्या माणसांचा आहे, हे तर पाहुणे. मीही घाईने म्हटलं, "नाही नाही, माझं कसं?" तीस वर्षांत हजारो नकाशांवर माझी सही झाली, सगळीकडे मोजणारा म्हणून. वाट माहीत असलेला म्हणून माझं नाव कोणी कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या स्वतःच्या गावातसुद्धा नाही.

बाहेर अजान सुरू झाली. अबू माजिद जायला वळला आणि दारातून काहीतरी म्हणाला. सलीमभाईंनी ते मला सांगितलं.

"तो म्हणतो, हा पुढे चालला, मी मागे. एकदा चुकला, आपणहून परत आला. लिही त्याचं नाव."

रीमने लिहिलं.